इरम्माचा खोकला

"अक्का, आज आत खोकायचं न्हाय. जीव गेला तरी न्हाय."

गौरीशंकरनं हे हळू आवाजात, हसून सांगितलं, म्हणून इरम्माला ते जास्त लागलं. तो ओरडला असता तर तिनंही दोन शब्द ऐकवले असते. पण हसून सांगणाऱ्या माणसाला काय बोलणार?

"न्हाय खोकत," ती म्हणाली आणि तिनं दाढेखाली लवंग धरली.

उमरग्यात हायवेला लागून गौरीशंकरच्या वडिलांचं कापडाचं दुकान. त्याच्यावरच्या मजल्यावर त्यानं हैदराबादला पाहिली तशी मिठाची खोली बांधली होती. गुलाबी मिठाच्या विटांच्या भिंती, विटांमागं दिवे, जमिनीवर घोटा बुडेल एवढं जाडं मीठ आणि त्यावर आरामखुर्च्या. एक यंत्र मिठाची बारीक भुकटी हवेत सोडायचं, स्पीकरवर झऱ्याचं पाणी वाजायचं आणि माणसं डोळे मिटून पडायची. श्वास मोकळा होतो, मन हलकं होतं, गाढ झोप लागते, असं पाटीवर लिहिलं होतं. काहींना झोप लागायचीही. ट्रकवाले आणि बँकेतले साहेब सारख्याच सुरात घोरायचे.

गिऱ्हाइकांना बसवायचं, पायांवर चादर टाकायची, यंत्र सुरू करायचं आणि कुणी घाबरलं तर जवळ असावं म्हणून दाराशी स्टुलावर बसून राहायचं, हे इरम्माचं काम. त्याआधी, नवरा गेल्यापासून, ती मिरची कांडपाच्या गिरणीत होती. तिथं सगळेच खोकायचे, त्यामुळं आपल्याला खोकला आहे हे तिला कळलंच नव्हतं. ते इथल्या शांततेत कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीपासून लांब राहा. मिठाची भुकटी धुळीत धरायची का, हे तिनं विचारलं नाही. नको ते उत्तर आलं असतं तर? इथं सावली होती, पंखा होता, लोक अक्का म्हणत होते. पुन्हा मिरचीच्या खकाण्यात उभं राहायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

पण मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं तोंडावर विचारलं, "तुमच्या बाईलाच गुण येईना, मग आमाला काय येनार?" तेव्हापासून गौरीशंकर तिच्याशी बोलताना तिच्या गळ्याकडंच बघायचा. आज परंड्याचे महारुद्र येणार होते. खोली पसंत पडली तर ते भागीदार होणार आणि परंड्यातही अशीच खोली काढणार. ठसका ऐकू आला तर स्टुलावर दुसरी बाई बसणार, हे गौरीशंकरनं स्पष्ट सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

महारुद्र आले ते आईला घेऊन. धुरपताबाई म्हातारी होती, पण ताठ चालायची. कौतुकानं जिना चढली, भिंतीतले दिवे पाहून "लई झ्याक" म्हणाली आणि उंबऱ्यात थबकली.

"ह्याच्यावर पाय देऊ?"

"या की मावशी. चप्पल तेवढी भायेर काढा," इरम्मा म्हणाली.

"चपलीचं न्हाय इचारत. मिठावर पाय देऊ व्हय? सांडल्यालं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी येचाया लागतं म्हणत्यात. हितं तर पोतीच्या पोती पसरल्यात!"

महारुद्र ओशाळले. गौरीशंकरचा चेहरा पडला. इरम्माला मात्र म्हातारीचं सगळं पटत होतं. सुरुवातीला तीही रोज सकाळी मिठाला हात लावून तो डोळ्यांना लावायची आणि मगच आत जायची. पुढं सवयीनं ते सुटलं. तिनं दोन चादरी उचलल्या आणि दारापासून खुर्चीपर्यंत अंथरल्या. धुरपताबाई अंग चोरत त्यावरून गेली आणि पाय वर घेऊन बसली.

दार बंद झालं. यंत्र घुरघुरू लागलं.

सुरुवात बरी गेली. मग घशात बारीक खाज उठली. इरम्मानं लवंग चावली. तिचा चोथा झाला. तिनं आवंढा गिळला, पदर तोंडात कोंबला. पुढच्या खुर्चीत महारुद्रांनी मान मागं टेकली होती. गौरीशंकर डोळे मिटल्याचं सोंग करत होता, पण त्याचे कान तिच्याकडंच होते, हे तिला त्या मंद उजेडातही कळत होतं. ठसका छातीतून वर सरकला. तिनं श्वासच धरला. डोळ्यांतून पाणी आलं. आता दार उघडून पळावं तर त्यावरूनही खोकला कळला असता.

कोरड्या खोकल्यावर मिठाचा खडा तोंडात धरायचा, हे घरोघरी करतात. इरम्मा वाकली. तिनं स्टुलाजवळचा एक खडा उचलला. इथूनच सगळ्या तालुक्याचे पाय आत गेले होते. तरी तिनं तो तोंडात घातला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. हळूहळू ठसका खाली बसला.

डोळे उघडले तर धुरपताबाई तिच्याकडंच बघत होती.

म्हातारीनं खुर्चीतून हात खाली सोडला, एक खडा उचलला, दोन्ही डोळ्यांना लावला आणि तोंडात टाकला. मग लेकाला कोपरानं ढोसलं. महारुद्रांना काही उमगलं नाही, पण आईपुढं त्यांचं काही चालायचं नाही, म्हणून त्यांनीही खडा खाल्ला. ते पाहून गौरीशंकरनं खाल्ला. त्या महागड्या खोलीत सगळे गंभीर तोंडानं पायाखालचं मीठ चघळत बसले आणि झऱ्याचं पाणी वाजत राहिलं.

बाहेर आल्यावर धुरपताबाईनं पदरानं डोळे पुसले.

"बघितलंस का रं, महारुद्र? पाय लागला म्हनून ह्या बाईनं परसाद घ्येतला. रडत व्हती बिचारी. जिथं मिठाचा असा मान हाय, तिथं डोळं झाकून पैसा घाल."

महारुद्र हसले. "आईनं सांगितलं म्हणजे ठरलं. ह्या अक्काच परंड्याला येऊन तिकडच्या बायांना शिकवतील."

गौरीशंकर इरम्माकडं बघून मोकळं हसला. पहिल्यांदाच त्याची नजर तिच्या गळ्यावर नव्हती. इरम्माला वाटलं, सुटले. तेवढ्यात धुरपताबाई पुढं झाली आणि पाया पडायला वाकली.

एवढी म्हातारी, आईच्या वयाची. इरम्मानं तिचे दंड धरले.

"मावशी, नगा. पाप लागंल मला. म्या खोकला दाबाया खाल्लं ते. मला जुना खोकला हाय."

महारुद्रांनी गौरीशंकरकडं पाहिलं. "फोन करतो," एवढंच म्हणाले आणि आईचा हात धरून जिना उतरू लागले.

"अरं, खोकला कुनालाबी येतुया," म्हातारी खालपर्यंत सांगत होती.

गाडी गेली. गौरीशंकर चिडला नाही. त्यानं आत जाऊन तिचं स्टूल कोपऱ्यात सरकवलं आणि बाहेर येऊन खाली बघत म्हणाला, "अक्का, तुमी आता आराम करा."

"व्हय," इरम्मा म्हणाली.

तिनं जिना उतरून हायवे ओलांडला. सोलापूरकडचे ट्रक एकामागून एक धडधडत जात होते. लिंबाच्या झाडाशी ती टेकली, पदर तोंडावरून बाजूला केला आणि खोकली. वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, छाती रिकामी होईपर्यंत खोकली. कुणी वळून बघितलं नाही. तिनं तोंड पुसलं, श्वास घेतला आणि पुन्हा मोठ्यानं खोकली.