वर्षाराणीच्या लग्नातली पंच्याऐंशीची लेन्स

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर शिवशंकरचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा गोड, धंदा बरा. पण त्या वर्षी त्याला लेन्सचं येड लागलं आणि घरादाराच्या जिवाला घोर लागला.

झालं असं, की सगळे मिररलेस नावाचे नवे कॅमेरे घेऊन राहिले म्हणून यानंही जुना कॅमेरा फुंकून टाकला आणि मिररलेस बॉडी घेतली. घेतल्यावर कळलं, की जुन्या लेन्स तिला बसत नाहीत. मधे एक कडं घालावं लागतं, मग बसतात, पण नांदायला नाखूष असलेल्या सुनेसारख्या. बॉडीसोबत एक बारकी लेन्स आली होती. खरं सांगायचं तर पासपोर्ट, बारसं, साखरपुडा आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर एवढं सगळं तिच्यात आरामात निघालं असतं. पण शिवशंकर तिला चारचौघांत बाहेर काढायला लाजायचा. आमच्याकडं गिऱ्हाईक फोटो नंतर बघतं, आधी लेन्स बघतं. लेन्स मनगटाएवढी असली तर माणूस 'फोटोवाला', मांडीएवढी असली तर 'सर'. शिवशंकरला सर व्हायचं होतं.

मग रोज जेवताना मोबाईल समोर ठेवून लेन्सची स्थळं बघणं सुरू झालं. चोवीस-सत्तरचं झूम: सगळ्या कामाला येतं, पण रूप साधं. सत्तर-दोनशे: उंचपुरी, पांढरीशुभ्र, पण लग्नभर हातात धरली तर दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. पस्तीस: चांगल्या घरची, पण तिच्यासाठी गर्दीत घुसावं लागतं, आणि नांदेड-लातूरच्या लग्नात जेवणाच्या वक्ताला गर्दीत घुसलेला माणूस कुठं निघेल ते सांगता येत नाही. आणि मग ती पंच्याऐंशी. एक पॉइंट दोनची, म्हणजे तोंड मोठं, उजेड पिणारी. झूम नाही, घाई चालत नाही, जवळचं जमत नाही. गुण एकच. समोरचा माणूस लख्ख येतो आणि त्याच्या पाठीमागचं सगळं जग लोण्यासारखं विरघळून जातं. त्याला ब्लर म्हणतात. हल्ली अहमदपुरात नवरदेव फोटोग्राफरला तारीख मोकळी आहे का ते विचारायच्या आधी ब्लर येतं का ते विचारतो.

लातूरचा वीरभद्र हा शिवशंकरचा जुना दोस्त आणि धंद्यातला वडीलधारा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "येड्या, झूम घे. आपल्याकडं स्टेजवर माघं सरकायला जागा नसती. पंच्याऐंशी डोळ्याला लावून माघं सरकशील आन् जाऊन आचाऱ्याच्या कढईत बसशील."

"तुला कला कळंना, वीरभद्रा."

"कला कळती. पर आपली लोकं बी कळत्यात. नवरी कशी दिसती ते कोणी बी बघत न्हाई, तिच्या माघं कोण कोण उभं हाय ते बघत्यात. तू तेच पुसून टाकून राहिला."

शिवशंकरनं हाव हाव म्हटलं आणि चार दिवसांत पंच्याऐंशी मागवली. सल्ला विचारायची आपल्याकडं हीच रीत आहे.

लेन्स आली तसा पहिला प्रयोग बायकोवर झाला. सुकन्या झुमके घालून, पावडर लावून ज्वारीच्या पोत्यांपुढं बसली. फोटो आला. डावा डोळा असा, की पापण्यांचे केस मोजून घ्यावेत. उजवा डोळा जरा पेंगलेला. कान तर धुक्यात गेलेले.

"माझे झुमके कुठं गेले?"

"ब्लरमधी."

"मग घालायला कामून लावले?" सुकन्या म्हणाली आणि ते काढून डब्यात ठेवून चुलीकडं गेली. शिवशंकर मात्र त्या डाव्या डोळ्याकडं बघत दिवसभर खूश होता.

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण तेवढ्यात त्याची बहीण सिंधु, नायगावला दिलेली, तिनं फोन केला. तिच्या वर्षाराणीचं लग्न ठरलं होतं.

सिंधुचं एक जुनं दुखणं होतं. तिच्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी तिचा मामा फेट्यावरून रुसून जानवसघराच्या मागं जाऊन बसला. पाया पडले, हात जोडले, गडी उठला नाही. शेवटी नवरीच्या पाठीमागं गावातला कोणी एक शेजारी उभा केला. सिंधुची सासू पार्वतीबाई हे विसरली नाही. भाजीत मीठ जास्त पडलं काय आणि म्हैस आटली काय, म्हातारी एकच म्हणायची, "हिच्या माघं कोण हाय म्हना." बापू, म्हणजे सिंधु-शिवशंकरचे वडील, ते गेल्यावर तर हे ऐकणं सिंधुला फारच जड जायला लागलं होतं.

"शिवा," ती फोनवर म्हणाली, "फोटोला कोणाला बी लाव. मोबाईलवर काढले तरी मला चालतंय. पर अक्षतांच्या वक्ताला तू माझ्या वर्षाच्या माघं उभा राहायचं. फेटा बांधून, सगळ्यांच्या पुढं. दुसरं मला तुझ्याकडून काय बी नको, आहेर बी नको."

"आक्का, हे काय सांगायचं झालं का? मी न्हाई तर कोण उभा राहनार?"

हे तो अगदी मनापासून म्हणाला. वीरभद्राला फोन करून लग्नाचे फोटो काढायला बोलावूनही घेतलं. फक्त रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या मनात आलं, की वीरभद्र आपलं झूम घेऊन येणार, त्यात वर्षाच्या मागं सगळी भावकी स्पष्ट दिसणार, भिंतीवरचा पंखा दिसणार, आणि आपली पंच्याऐंशी त्या दिवशी पिशवीत राहणार. ते काही त्याच्या पचनी पडेना. मग त्यानं तोड काढली. मंगलाष्टक काही एकच नसतं. दोन होईस्तोवर आपण फोटो काढायचे, मग कॅमेरा वीरभद्राच्या हातात द्यायचा आणि पटकन मागं जाऊन उभं राहायचं. शेवटच्याला उभं असलं म्हणजे झालं.

सुकन्याला त्यानं हे सांगितलं. ती म्हणाली, "आक्कानं दोन सोडून म्हनलं व्हतं का?" त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं.

लग्न नायगावच्या मंगल कार्यालयात. मुहूर्त बाराचा, म्हणजे कधीही. आधी माईकवर एक मास्तर पाहुण्यांची नावं घेऊन राहिले होते, आणि टोपी-टॉवेलचे सत्कार चालले होते, ते काही उरकेनात. उमरीकडचे भावी जिल्हा परिषद सदस्य हणमंतराव आले नव्हते, म्हणून सगळं खोळंबलं होतं. हे हणमंतराव गेल्या कैक वर्षांपासून भावीच आहेत. कोणाचंही लग्न असो, मयत असो, कॅमेरा दिसला की ते त्याच्यापुढं उभे. ते आले, त्यांना गुलाबी फेटा बांधला, त्यांनी वधूवरांना शुभाशीर्वाद देताना खतांच्या भावावर भाषण केलं, आणि मग एकदाचा अंतरपाट धरला.

शिवशंकर गुलाबी फेटा बांधून प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला. नवरदेवाच्या खांद्यावरून, अंतरपाटाच्या वरून समोर वर्षा. पंच्याऐंशी डोळ्याला लावली आणि, खोटं कशाला बोला, त्याचं काळीज लक्क झालं. एवढीशी पोर, त्याच्या खांद्यावर बसून उरूस बघितलेली, मुंडावळ्यांआड खाली मान घालून उभी. कॅमेऱ्यातला हिरवा चौकोन आपसूक तिच्या डोळ्यावर जाऊन बसला. तिच्या पाठीमागचा तो भडक पडदा, पंखे, झालर, भावकी, सगळं विरून नुसता रंग उरला होता. एवढं देखणं त्यानं उभ्या जन्मात काही बघितलं नव्हतं.

"नवरदेवाचे मामा, नवरदेवाच्या पाठीमागं. नवरीचे मामा, नवरीच्या पाठीमागं," मास्तर माईकवर म्हणाले.

"आलोच," शिवशंकर म्हणाला.

पहिलं झालं. दुसरं झालं. वीरभद्र खाली हात पसरून उभा होता. "दे इकडं, जा."

"थांब जरा. डोळ्यात पाणी येऊन राहिलंय तिच्या. सांडलं की देतो."

तिसरं नवरदेवाच्या आत्यानं स्वतः रचलं होतं आणि त्यात सगळ्या जावांची नावं होती. मास्तरांनी पुन्हा पुकारलं. पडद्यापाशी सिंधु उभी होती. वर्षाच्या मागच्या रिकाम्या जागेकडं बघत होती, मग भावाकडं बघत होती. तिनं हात केला. पदर हलवला. आधी दबकत, मग उघड उघड. शिवशंकर तर सरळ तिच्याच दिशेनं बघत होता. पण त्या एक पॉइंट दोनच्या लेन्समधून सिंधु म्हणजे एक हिरवट डाग होता, आणि तो डाग हलतोय हे बघून त्याच्या मनात एवढंच आलं, की ब्लर काय मस्त येऊन राहिलंय.

वर्षाचं पाणी चौथ्याला सांडलं. गालावर थेंब थांबला, आणि त्यानं बोट दाबलं.

त्याच्या जरा आधी, तिसरं संपता संपता, हणमंतरावांना दिसलं होतं, की नवरीच्या मागं जागा मोकळी आहे आणि समोर कॅमेरा आहे. पुढं त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. दोन बायकांच्या मधून ते पुढं सरले, फेटा नीट केला आणि हात जोडून उभे राहिले.

शुभ मंगल सावधान. ताशा वाजला, अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला. शिवशंकरनं कॅमेरा खाली घेतला तेव्हा त्याला पहिल्यांदा साध्या डोळ्यांनी दिसलं, की भाचीच्या मागं कोण उभं आहे. तो खुर्चीवरून उतरला, गर्दीतून वाट काढत स्टेजवर गेला. तोवर हणमंतराव नवरदेवाला पेढा भरवत होते.

"आक्का, जरा..."

सिंधु हातातल्या उरलेल्या अक्षता पोरीच्या डोक्यावर टाकत होती. त्याच्याकडं न बघता म्हणाली, "जेवून घे. भात संपल." तेवढंच. दिवसभर ती त्याच्याशी दुसरं काही बोलली नाही, आणि वाकड्यातही शिरली नाही. त्यानं तिचं चिडणं शंभरदा बघितलं होतं. हे गप बसणं त्याला सोसेना.

फोटो मात्र असा निघाला, की विचारू नका. त्यानं तो मोबाईलवर टाकला आणि नांदेडपासून निलंग्यापर्यंत फोन सुरू झाले. 'सर, आमच्या बी लग्नात असंच पायजे.' म्हणजे सर झाला एकदाचा. वीरभद्रानंही कबूल केलं, की असा थेंब त्याच्या झूममध्ये आला नसता. एकटे हणमंतराव नाराज होते. त्यांनी फोन करून विचारलं, "आमचं तोंड कुठं गेलं? बॅनरला कसं वापरायचं? तेवढं साफ करून द्या." ते साफ होत नसतं, हे त्यांना समजवता समजवता शिवशंकरच्या तोंडाला फेस आला.

सोळा दिवस झाल्यावर तो अल्बम घेऊन नायगावला गेला. वर्षा माहेरी आलेली होती. सिंधुनं पाणी दिलं, चहा ठेवला. अल्बम त्यानं तिच्या हातात दिला आणि बाजेच्या कडेला टेकला. मनाशी ठरवून आला होता, की आज माफी मागायची. सगळ्यांच्या समोर मागायची.

सिंधु पानं उलटत गेली. त्या फोटोपाशी थांबली. पानभर वर्षा, गालावर थेंब. बराच वेळ तिनं पोरीचा चेहरा बघितला, आणि तिचे डोळे भरले, ते त्याला दिसलं. त्याला वाटलं, चला, फोटो बघून तरी राग गेला.

"आन इकडं," पार्वतीबाई म्हणाल्या. लग्नात त्या गुडघ्यांपायी खालीच खुर्चीवर बसल्या होत्या, गर्दीआड त्यांना स्टेज दिसलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, अल्बम मांडीवर घेतला, नाकाशी नेला. "पोर साजरी आली. आन् ह्ये माघं कोण हाय गं?"

शिवशंकरनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सिंधु बोलली.

"माझा भाऊ हाय," ती म्हणाली. "शिवा. फेटा दिसून राहिला की."

"तोंड दिसंना ते?"

"लई भारी लेन्स हाय ती, आत्या. त्याच्यात माघच्याचं तोंड येत न्हाई."

वर्षानं मामाकडं बघितलं आणि खाली मान घातली. तिला माहीत होतं. मागून कोणाच्या श्वासाला तंबाखूचा वास होता ते तिला तेव्हाच कळलं होतं, आणि तिच्या मामाला सुपारीचंही व्यसन नाही.

पार्वतीबाईंनी त्या गुलाबी डागावरून अंगठा फिरवला. तो डाग चांगला रुंद होता. हणमंतरावांचा देह सगळ्या तालुक्याला माहीत आहे. म्हातारीनं चष्म्यावरून एकदा शिवशंकरकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं.

"बरा उभा राहिलास रे बाबा," ती म्हणाली. "लेकराच्या माघं आपलं मानूस पायजे. फोटोत जरा जाड दिसून राहिलास."

शिवशंकरनं सिंधुकडं बघितलं. ती चहा गाळत होती.

"हाव," तो म्हणाला. "फोटोत दिसतो मी तसा."