मेकॅनिकसमोर बंद न पडणारी गाडी

ताईचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी निवृत्त ग्रंथपालांनी उत्तर धाडलं नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं. "धाकट्या, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. नंतर महिनाभर वाचता येणार नाही. तुझ्याकडे येऊन राहीन म्हणते, तू वाचून दाखव. गाडी घेऊन न्यायला ये. महिनाअखेरीपर्यंत उत्तर आलं नाही, तर शेजारणीकडे राहीन आणि तुला पुन्हा कधी विचारणार नाही."

ताई बोलल्याप्रमाणे वागायची. महिनाअखेरीला आठ दिवस उरले होते.

अडचण गाडीची होती. बावीस वर्षांची ती गाडी दोन दिवस सुतासारखी सरळ चालायची आणि तिसऱ्या दिवशी भर चौकात मान टाकायची. मागचे हॉर्न ऐकून ग्रंथपाल घामाघूम झाले, की पुन्हा सुरूही व्हायची. असल्या गाडीतून ताईला आणायचं कसं, या विवंचनेत त्यांनी उत्तराचे चार मसुदे फाडले होते.

"अहो, बसनं आणा," बायको म्हणाली.

"बसमध्ये धक्के बसतात."

"आणि तुमच्या गाडीत पालखीचं सुख!"

मेकॅनिककडे दोन खेपा झाल्या होत्या. त्यानं प्लग बदलले, फिल्टर बदलला, वीस-वीस किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या. गाडीला साधी उचकीसुद्धा लागली नाही. "काका, माझ्याकडे गुणी बाळासारखी चालते. तुमच्याकडेच लाडावते."

ग्रंथपालांना ते पटलं. पुस्तकं सोडली तर जगातली प्रत्येक वस्तू आपल्याला ओळखून असते, अशी त्यांची जुनी खात्री होती.

तिसऱ्या खेपेला ते वही घेऊन गेले. गाडी बंद पडल्याच्या एकतीस नोंदी: वेळ, हवा, वेग, गिअर, शिवाय मनःस्थिती. मेकॅनिकनं दोन पानं वाचली.

"यात गाडीपेक्षा तुमचाच बिघाड जास्त दिसतोय. चला, आज तुम्ही चालवा. मी नुसता बसतो."

पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडी बंद पडली. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं नाही. तो ग्रंथपालांच्या गुडघ्याकडे पाहत राहिला. तिथे, गाडीच्या किल्लीखाली, भला मोठा जुडगा झुलत होता.

"दर खेपेला बघतो, हे आहे तरी काय?"

"किल्ल्या."

"कसल्या? तुरुंगाच्या?"

ग्रंथालयातल्या कपाटांच्या होत्या. सतरा. निरोपसमारंभात परत द्यायच्या होत्या, पण भाषणं चालू असताना मध्ये कसं बोलायचं? दुसऱ्या दिवशी उशीर झाल्याची लाज वाटली. पुढे कपाटं भंगारात गेली. तरी हरवल्या असं कुणी म्हणू नये म्हणून अकरा वर्षं त्या खिशात आणि गाडीत फिरत होत्या.

मेकॅनिकनं इंजिन चालू केलं आणि जुडगा हलवला. इंजिन बंद. मग जुडगा काढून एकट्या किल्लीवर तोच स्पीडब्रेकर पाच वेळा ओलांडला. गाडी चालूच.

"मला टोचतो म्हणून फेरीच्या आधी मी जुडगा काढून ठेवायचो. या ओझ्यानं किल्लीमागचा स्विच झिजलाय. खड्डा आला की जुडगा हिसका देतो आणि आतला करंट तुटतो. नवा स्विच टाकतो. पण हे लोढणं पुन्हा अडकवू नका."

एकतीस नोंदींत किल्लीचा उल्लेख एकदाही नव्हता.

दुपारी गाडी दारात आली. "आता काय निमित्त?" बायकोनं विचारलं. ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे शोधलं, सापडलं नाही. तेव्हा कुठे कबुली द्यावी लागली, की भीती गाडीची नव्हतीच. लहानपणी ताईनंच त्यांना, चुकलं की टपली मारून, वाचायला शिकवलं होतं, आणि आता तिच्यासमोर मोठ्यानं वाचायचं होतं.

"टपली मारायला तिला दिसायला तर हवं," बायको म्हणाली.

त्यांनी लिहिलं, "ताई, रविवारी सकाळी न्यायला येतो." टपालपेटीपाशी इंजिन चालू ठेवूनच उतरले आणि पाकीट आत सोडलं.

लगेच वाटलं, 'गाडी चालली तर' एवढं लिहायला हवं होतं. त्यांनी फटीत दोन बोटं घातली. पेटीला कुलूप होतं, आणि जगातली तेवढी एकच किल्ली त्यांच्याकडे नव्हती.