तांडेलाची शुगर

“छातीत कळ आलीच नाय, मग हा झटका कसला?” आनंदा इस्पितळाच्या खाटेवरून डॉक्टरीणबाईंशी हुज्जत घालत होता. “पित्त झालेला. कोकम प्यायलो की बरा वाटायचा.”

“गोड कोकम!” पायथ्याशी उभी असलेली त्याची बायको गोदा फणकारली. “शुगर असताना गिलासावर गिलास!”

आनंदा रत्नागिरीच्या बंदरावरचा जुना तांडेल. समुद्रात बोटीवर तांडेलाच्या शब्दापुढे मालकाचंही चालत नाही. असा माणूस घामाने भिजला, चार पावलांवर धापा टाकू लागला, तरी पित्तच म्हणाला. आणि सगळ्यांनी ते खरं मानलं.

डॉ. नम्रता वयाने लहान, पण बोलण्यात घाई नव्हती. “काका, साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात. मग हार्टचा झटका आला तरी काहींना कळ जाणवत नाही. नुसता घाम, नुसता दम. आणि तीच साखर हृदयाच्या रक्तवाहिन्याही आतून खराब करत असते.”

“पण माझी शुगर कायम पास! उपाशीपोटीचा रिपोर्ट बघा की.”

“तो एका सकाळचा. आम्ही तीन महिन्यांची सरासरी काढली. साडेदहा टक्के आलीय. सातच्या आसपास हवी होती.”

गोदाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तपासणी जवळ आली की हा भाताला शिवत नसे, चहा बिनसाखरेचा घेई, भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत चालून येई. रिपोर्ट चांगला आला की तो जेटीवर सगळ्यांना दाखवायचा, गोळ्या बंद करायच्या, आणि बोटीवर भाताचे डोंगर उपसायचे. रिपोर्ट पास झाला म्हणून तीही कौतुकाने बांगडे भाजून द्यायची. त्या कौतुकाचाच आता तिला संताप आला.

“कॉपी करून पास होणारा पोर परवडला!” ती कडाडली. “त्याचा फार तर वर्ष फुकट जाता. तुमी कोणाच्या डोळ्यांत धूळ टाकलात? बाईंच्या? त्या जातील आपल्या घरी. मी कुठं जाऊ?”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू दे! रिपोर्ट दाखवताना हेच लोक चालले ना?”

त्याने तोंड फिरवलं. मग भिंतीला सांगावं तसं म्हणाला, “नारळी पुनवेला बोट न्यायची हाय. मालकाला शब्द दिलाय.”

“यंदा समुद्र नाही, काका,” डॉक्टर म्हणाल्या. “हृदयाची ताकद निम्म्यावर आलीय. गोळ्या चुकवू नका, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. पुढचं पुढे बघू.”

“मी कालच मालकाला सांगितलाय,” गोदा म्हणाली. “दुसरा तांडेल बघा म्हणून.”

आनंदा उठून बसला. “मला न विचारता?”

“तुमी मला विचारून गोळ्या बंद केलात?”

त्यानंतर घरी आल्यावरही दोघं कामापुरतंच बोलत राहिली.

पुनवेला आनंदा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, तेव्हा गोदाही मुकाट्याने सोबत गेली. जेटीवर मालकाने सवयीने नारळ त्याच्याच हातात दिला. खलाशी थांबले. आनंदाने नारळ क्षणभर धरला आणि नव्या तांडेलाच्या, अजिंक्यच्या ओंजळीत ठेवला.

“शेंडी समुद्राकडं धर,” एवढंच सांगून तो मागे सरला.

नारळ समुद्राला वाहून झाला आणि अजिंक्यने हाकलेली बोट बंदराच्या तोंडाशी पोहोचली.

“डाव्या हाताला घे रे, उजवीकडं गाळ हाय,” आनंदा पुटपुटला. एवढ्या लांब ते कोणाला ऐकू जाणार? बोट डावीकडूनच निघून गेली. तो बघत राहिला.

गोदाचा राग अजून उतरला नव्हता. पण ती त्याला ‘चला’ म्हणाली नाही.