नाव नसलेला कप्पा

"काका, हे शेवटचं कधी चालू झालं होतं?" दुरुस्तीवाल्या ताईंनी संगणकाचं झाकण उघडत विचारलं.

"काल दुपारी. म्हणजे… मी हात लावेपर्यंत."

काळ्या पडद्यावर एकच ओळ होती: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. वाचनालयाच्या कारकुनांना ती सकाळपासून पाठ झाली होती.

आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. उद्या नवीन माणूस या खुर्चीत बसणार होता. एकोणीस वर्षं खपून त्यांनी बावीस हजार पुस्तकांची यादी या यंत्रात भरली होती. यादी काय, पुन्हा करता आली असती. पुस्तकं कपाटात होतीच. पण प्रत्येक नोंदीपुढे 'शेरा' असा एक रकाना होता. तो भरायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. 'पान ब्याऐंशी फाटलेलं, हाताने लिहून चिकटवलं.' 'शेवट वाईट. आजारी माणसाला देताना आधी सांगावं.' वाचकाला नेमकं हवं ते पुस्तक ते या शेऱ्यांच्या जोरावर काढून देत, आणि लोक त्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक करत.

जुनी डिस्क भरली होती, कटकट आवाजही करायला लागली होती. नव्या माणसाच्या गळ्यात हे दुखणं कशाला, म्हणून त्यांनी मोठी डिस्क मागवली आणि कुणाला त्रास नको म्हणून माहितीपुस्तिका वाचून स्वतःच सगळं तिच्यावर उतरवलं.

"जुनी कुठाय?"

"ती आता फिरतसुद्धा नाही."

"म्हणजे सगळी भिस्त हिच्यावर." ताईंनी नवी डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. कारकून खिडकीबाहेर बघत राहिले.

"अहो, इकडे बघा तरी! यादी आहे. शेरेही आहेत. 'लेखकाला नदी कळते, माणसं कळत नाहीत.' हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांचे कान लाल झाले. "ते… पुसायचं राहून गेलं."

"बरं झालं राहिलं. कॉपी करताना काही वगळलंत का?"

"जुन्या डिस्कवर एक लहानसा वेगळा कप्पा होता. नाव नव्हतं, आत काही दिसतही नव्हतं. नाव नाही, नोंद नाही, असं पुस्तक आम्ही रद्दीत काढतो. सवयीनं तोही काढला."

ताईंना हसू आवरेना. "काका! यंत्रानं सुरू कसं व्हायचं, ते त्यातच असतं. बिऱ्हाड हलवलंत आणि किल्ली जुन्या घरात!"

"एवढं वय झालं, पण अक्कल…"

"मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. तेही सासऱ्यांच्या मशीनवर. आठवडाभर घरात माझ्याशी कुणी बोलेना."

आता कारकूनही हसले. सकाळपासून पहिल्यांदाच.

ताईंनी डिस्क परत संगणकात बसवली, पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं, डिस्कवर थोडी जागा मोकळी करून तिथे तो लहान कप्पा नव्यानं तयार केला. तरी पडदा काळाच. कारकुनांचा चेहरा पडला.

"थांबा हो. वेडं अजून जुनीचीच वाट बघतंय." त्यांनी यंत्राला आधी नवी डिस्क बघायला सांगितलं.

पडदा उजळला.

उपकार, ऋण, शब्दच नाहीत… कारकुनांनी मनात तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही गिळली. मग हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाचायला आवडतं?"

"वेळ कुठाय काका? सासरे झोपले की दहा मिनिटं मिळतात."

त्यांनी शेऱ्यांमध्ये काहीतरी शोधलं, उठून तिसऱ्या कपाटातून एक बारीकसं पुस्तक आणलं. "गोष्टी दोन-दोन पानांच्या आहेत. सातवी आधी वाचा."

ताईंनी तिथेच उभ्या उभ्या सातवी उघडली. पान उलटताना खुदकन हसल्या आणि पुस्तक पिशवीत टाकून गेल्या.

त्या ते परत करायला येतील, तेव्हा इथे दुसरंच कुणी असेल. कारकुनांनी पुस्तकाची नोंद उघडून शेरा लिहिला: 'या ताईंना वेळ कमी असतो. हसवणारं द्यावं. ताटकळत ठेवू नये.'

मग यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं. झालं सुरू. खुर्ची सोडून दूर उभं राहून त्यांनी आणखी एकदा सुरू होताना बघितलं.