गाद्यांचं दुकान कुठे आहे?

अरे, ऐका ना, मधे बोलू नका! गेल्या शुक्रवारी आमच्या गावात एक साहेब हरवले. भर दुपारी, खिशात फोन असताना! आणि त्यांच्यापायी आमच्या काकाच्या सात वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडायची वेळ आली.

आमचं गाव म्हणजे पूर्वीचं नौदलाचं बंदर. काका तिथे क्रेन चालवायचा. संध्याकाळी पाचचा भोंगा झाला की गेटातून चार हजार सायकली सुटायच्या म्हणे, रस्ता ओलांडायला अर्धा तास लागायचा. मग वरून हुकूम आला आणि एका सकाळी सगळी जहाजं निघून गेली. मागे राहिल्या रिकाम्या इमारती आणि एक मोडकी लाँच, जहाजावरच्या लोकांना धक्क्यावर आणणारी. काकाने ती बऱ्याच वर्षांनी घेतली आणि सात वर्षं ठोकठोक करत बसला. काकू म्हणते, "माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतं, तर मीसुद्धा पाण्यावर तरंगले असते."

आता लाँचमधून लोकांना बंदर दाखवायचं तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी तपासणी. तपासणीचे साहेब शुक्रवारी येणार होते, सोमवारी त्यांची बदली. नवे साहेब यायला चार महिने, म्हणजे फिरायला येणाऱ्यांचा हंगाम गेलाच की!

दोन वाजता साहेबांचा फोन आला. काका म्हणाला, "एकदम सोप्पंय! तीन नंबर गेटातून आत या, क्रेनपाशी डावीकडे वळा, मेसच्या मागून सरळ धक्क्यावर!" फोन ठेवला आणि शर्ट बदलायला गेला.

आता गंमत बघा. तीन नंबर गेट पाडून अठरा वर्षं झाली. क्रेन भंगारात गेली. मेसमध्ये कराटेचा क्लास भरतो. पण आमच्याकडे पत्ता असाच सांगतात, कुणाला काही वाटतच नाही. मी बाजूला उभी होते ना, रंगाचा ब्रश घेऊन! मीसुद्धा मान डोलावली.

तीन वाजले. फोन. "अहो, गेट कुठंय? इथे भाजीवाले बसलेत!"

"हां, तेच गेट!"

साडेतीन वाजले, साहेबांचा पत्ता नाही. काका धक्क्यावर येरझाऱ्या घालून माझा ओला रंग तुडवतोय. चार वाजता फोन आला तो मीच हिसकावला. "साहेब, तुमच्या समोर काय दिसतंय तेवढं सांगा."

"गाद्यांचं दुकान!" रडकुंडीला आले होते हो ते.

मी फोनवर हात ठेवला. "काका, गाद्यांचं दुकान कुठे?"

"आपल्या गावात गाद्यांचं दुकान नाहीच."

काकू म्हणाली, "नाहीच. आपण गाद्या बारूद कोठारातून आणतो."

म्हणजे साहेब बारूद कोठारापाशी!

मी सायकल काढून सुसाट सुटले. साहेब गाद्यांच्या ढिगावर बसलेले, एक बूट काढून. समोर न्हावीकाका आणि मेसचा जुना आचारी हमरीतुमरीवर आलेले. आचारी ओरडत होता, "क्रेन गेली, मान्य! पण वळण तर तिथंच आहे ना?"

साहेब मला म्हणाले, "अगं मुली, या गावात आत्ता जे आहे ते कुणाला दिसतं का?"

मी त्यांना कॅरिअरवर बसवलं. वाटेत म्हटलं, "ही माझी बालवाडी. आधी खलाशांची कोठडी होती."

"म्हणून खिडक्यांना एवढे जाड गज?"

"बाईंना बरं पडतं." तेव्हा कुठे ते पहिल्यांदा हसले.

पावणेपाचला धक्क्यावर. साहेबांनी लाइफ जॅकेटं तपासली, इंजिन सुरू करायला लावलं. ते दोनदा खोकलं आणि मग छान चालू झालं. "आता फेरीत काय काय दाखवणार ते लिहून द्या." काकाने सुवाच्य अक्षरात यादी दिली. साहेबांनी वाचली आणि पेनाचं टोपण लावलं!

"यातलं एकही शिल्लक नाही. लोक म्हणतील क्रेन दाखवा, आणि तक्रार माझ्या सहीवर येणार. नाही जमणार."

काकाने यादी परत घेतली आणि घडी घालून खिशात टाकली. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका आधीचं सांगेल, मी आत्ताचं सांगेन!"

"असं? मग ती समोरची पांढरी इमारत काय?"

"सिग्नल स्टे..." मी जीभ चावली. आत्ता तिथे काय आहे, मला खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, "माहीत नाही. पण रविवारच्या पहिल्या फेरीच्या आत शोधून काढते."

साहेबांनी टोपण काढलं, सही केली, शिक्का मारला आणि खाली लिहिलं, 'प्रत्येक फेरीत पुतणी सोबत असावी.' सरकारी कागदावर! काकू म्हणाली, "आता हिला पाय दुखतात म्हणायचीही सोय नाही."

शनिवारभर मी वही घेऊन दारोदार फिरले. त्या पांढऱ्या इमारतीत एका मावशींनी दार उघडलं. "हे ना? जुनं सिग्नल स्टेशन."

"तसं नाही हो मावशी, आत्ता काय आहे?"

त्यांनी जरा विचार केला. "आत्ता... आम्ही राहतो."

मी तसंच लिहून घेतलं.

रविवारी पहिली फेरी! वीस जागा, त्यात अकरा जण गावचेच, ज्यांनी आपलं गाव पाण्यातून कधी पाहिलंच नव्हतं. न्हावीकाका तर उभं राहून ओरडायला लागले, "ते बघा माझं दुकान!" काका कर्ण्यातून म्हणाला, "डावीकडे सिग्नल स्टेशन. इथून जहाजांना दिवे दाखवायचे." मी म्हटलं, "आता इथे एक कुटुंब राहतं." मावशी गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातली उशीची खोळ हलवली आणि अख्ख्या लाँचने हात हलवले.

काका मला कोपर मारून म्हणाला, "हे यादीत पहिलं घे."