बिनतोंडाची आग

पाण्याच्या गुंडावर झाकलेली जर्मनची ताटली सरकली आणि खण्णकन खाली पडली. रीना दचकली. एवढासा आवाज, पण भर दुपारी सगळ्या घरात फिरून आला. आजवर या घरात ताटली पडली तरी कुणाला कळत नसे. भिंतीपलीकडची राइस मिल अष्टौप्रहर घुमायची आणि घरातले बारके आवाज गिळून टाकायची.

भिंतीकडे तोंड करून निजलेला देवेंद्र हलला नाही. तो झोपलेला नव्हता, हे तिला त्याच्या पाठीवरून कळत होतं. संसार मुरला की माणसाची पाठसुद्धा बोलायला लागते.

खिडकी लावली होती, तरी आंबूस वास आत येतच होता. भिजवलेलं धान वेळेत वाफवलं नाही की असा सडका वास मारतं. मुर्री गावाच्या या टोकाला आज सगळ्यांच्या खिडक्या बंद होत्या, आणि धान कुणामुळे सडलं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी नळावर सुमित्राबाईनं भर गर्दीत विचारलं होतं, "काय वो रीना, तुह्या नवऱ्यानं मशिनीले घास भरवला म्हणते? मंग हात धुवाले पाणी देल्लं का नाही?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रीनानं भरलेली घागर उचलली आणि मुकाट्यानं घरी आली.

देवेंद्र त्या मिलचा फायरमन. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर आधी धान भिजवायचं, मग वाफवायचं. त्या वाफेसाठी बॉयलरच्या तोंडात धानाचाच भुसा सारत राहायचं, हे त्याचं काम. त्याच्या आधी त्याचे वडील धनीराम तिथेच उभे असत. आग लालसर हसते की पिवळी चिडते, हे घरात जेवता जेवता बोललं जाई.

त्या आगीची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडे, पिठात पडे, आणि पाच वर्षांच्या आचलच्या छातीत जाऊन बसे. गेल्या हिवाळ्यात पोर खोकून खोकून निळी पडली, तेव्हा गोंदियाच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, या लेकराला धुरापासून दूर ठेवा. दूर म्हणजे कुठे? रीनानं मग देवापुढे हात जोडले होते, की हा धूर बंद होऊ दे. नवरा त्याच धुरावर जगतो, हे मागताना तिच्या मनातही आलं नाही. आईचं मागणं असंच एकडोळ्याचं असतं.

आणि धूर खरंच बंद झाला. मिलमालक सेठ ईश्वरदासांच्या परदेशी गिऱ्हाइकाला बिनधुराचा तांदूळ हवा होता, भुसा बाहेर विकला तर बरा भाव मिळत होता. उन्हाळ्यात चिमणी कापून भंगारात गेली आणि तिच्या जागी घराएवढी एक लोखंडी पेटी आली. आत नुसत्या विटा. दिवसभर उन्हाची वीज त्या विटांना लाल होईस्तोवर तापवायची. मग रात्रभर त्यांच्यावरून वारा फिरवून वाफ काढायची. लोक तिला विटांची पेटी म्हणू लागले. पेटी बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर पोरगी, रुचिका, इथेच मुक्काम ठोकून होती. पेटीवर जुन्या फायरमनपैकी एकालाच ठेवणार होते, आणि तिनं देवेंद्रला निवडलं. त्या दिवशी रीनानं गुळाची बोंडं तळली. पोरीची छाती मोकळी झाली होती, नवऱ्याचं काम राहिलं होतं. एका हातात दोन्ही सुखं मावतील, असं तिला वाटलं होतं.

मग नवं धान आलं.

फायरमनच्या घरात एक रीत होती. नवं धान मिलमध्ये आलं की त्याचा पहिला मूठभर भुसा घरच्या बाईनं हळदीच्या फडक्यात बांधून द्यायचा, आणि फायरमननं तो आगीला भरवायचा. आगीनं खाल्ल्याशिवाय घरात नव्या तांदळाचं शीत तोंडात घालायचं नाही. रीनाला ही रीत सासूनं, लीलाबाईनं, मरायच्या आधी सोपवली होती.

परवा संध्याकाळी पाळीवर निघताना देवेंद्र ते गाठोडं हातात घेऊन दारातच थबकला.

"यंदा कोठं टाकू व? तिले तं तोंडच नाही."

"नसन कसं जी? झाकणगिकण असन ना कोठं."

"एक हाय. मॅडमनं उघडू नोको म्हणून सांगतलं."

"मंग नोका उघडू," ती म्हणाली. आणि आचलच्या केसाला तेल लावता लावता, सहज, पुढे बोलून गेली, "पण बाबूजीनं कधी चुकवलं नोय."

तो गाठोडं खिशात घालून गेला.

त्यानं झाकण उघडलं. मूठभरच भुसा, पण लाल विटांवर पडताच तो धुरावला. झाकण उघडं आणि आत धूर, एवढं कळताच पेटीनं स्वतःला बंद करून घेतलं. अशी बंद पडलेली पेटी कंपनीचा मोठा माणूस येऊन तपासेपर्यंत सुरू होत नाही, आणि तो यायचा होता पुण्याहून. जुना बॉयलर तर कधीच भंगारात गेलेला. हौदांत भिजत पडलेलं धान तसंच आंबत गेलं.

दुपार कलली तेव्हा दाराशी पावलं वाजली. रुचिका होती, आणि मागे नाकाला रुमाल लावलेले ईश्वरदास सेठ. देवेंद्र उठून बसला. रीनानं खाटेवर चादर टाकली.

"देवेंद्रभाऊ," रुचिका म्हणाली, "झाकण उघडायचं नाही, एवढं एकच तर सांगितलं होतं मी."

"उपाशी आग बिघडते जी मॅडम. म्या तं तिचं चांगलंच करून राहिलो होतो."

"आत आग नाहीच आहे, भाऊ. नुसत्या तापलेल्या विटा आहेत."

"लाल हाय ना थ्या?"

"हो."

"मंग?"

रुचिकानं सेठकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पोर दोन रात्री झोपली नसावी. रीनाला तिचा राग येईना. कुणाचाच येईना, आणि तेच जास्त छळत होतं. "मी तुमच्यासाठी खूप भांडले," रुचिका म्हणाली. "ऐकत नाहीत."

"देख देवेंद्र," सेठ म्हणाले, "गुस्सा नहीं है मेरे को. तुझा बाप असता तर त्यानं बी हेच केलं असतं, मालूम है. पण बीमावाले, कंपनीवाले, सगळे एकच बोलतात, या माणसाचा हात आता पेटीला लागायचा नाही. मैं क्या करूँ, बता?"

देवेंद्रनं आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

"आमगावकडे माझ्या साळ्याची मिल आहे. अजून भुशाचीच. त्याला तुझ्यासारखा फायरमन पाहिजेच आहे. खोली पण देतो, बॉयलरला लागूनच. बायको-पोरीला घेऊन जा."

बॉयलरला लागूनच. रीनानं कोपऱ्यात खेळणाऱ्या आचलला ओढून जवळ घेतलं. पोरीचा श्वास किती हलका चालला होता, आवाजसुद्धा नाही. या उन्हाळ्यापासून ती रात्री खोकत एकदाही उठली नव्हती.

पाहुणे गेले. मग देवेंद्र म्हणाला, "तू नोको येऊ. पोट्टीले घेऊन येथंच राह्य."

"माह्याच्यानंच झालं ना जी हे?" तिनं विचारलं.

"कायले तुह्याच्यानं?" तो म्हणाला. "घरात बोलते तसं तू बोलली. झाकण म्या उघडलं." आणि जरा थांबून, कसनुसा हसत, "थ्या मिलमदी निदान तोंड हाय आगीले. समोर उभं राहिलं का वळखते माणसाले."

त्यानं खुंटीवरचा सदरा काढला, झटकला, पिशवीत घातला. रीना त्याचा टॉवेल घडी करू लागली. घडी नीट बसेना, म्हणून पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. जा म्हणावं तर जीभ उचलत नव्हती. नका जाऊ म्हणावं तर पुढचं वाक्य नव्हतं.

आचल मधोमध उभी राहून दोघांकडे पाहत होती.

"आई, बाबा कोठं चालले?"

"आमगावले, माय. कामाले."

"मीबी येतो."

"नाही वो राणी. तेथं धूर हाय. धूर वाईट असते, छातीत जाऊन बसते. डॉक्टर काय म्हणले होते?"

आचलनं पिशवीकडे पाहिलं, मग बापाकडे, मग आईकडे.

"धूर वाईट असते," ती म्हणाली, "तं बाबाले कायले पाठवून राहिली?"