पिंपाला चावी

घड्याळजींच्या हाताला कंप सुटला आणि तिळाएवढे स्क्रू चिमट्यातून उडून जमिनीवर जायला लागले. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, मी बसत जाऊ का शेजारी? बारीक काम मी करीन." झालं! त्याच संध्याकाळी घड्याळजींनी दुकानाचं शटर कायमचं ओढलं. दुसऱ्याचा हात लावून केलेलं काम हे कामच नव्हे, असा त्यांचा बाणा होता, आणि त्या बाण्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

घरी बसून त्यांनी आठवडाभरात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. साखर मिठाच्या जागी गेली. बायकोने एवढ्या जोरात हात जोडले की घड्याळजी दुसरं काम शोधायला बाहेर पडले आणि येताना खताचं फिरतं पिंप घेऊन आले. लोखंडी पायांवर आडवं टांगलेलं, कडेला दांडा, पोटाला झाकण. आत भाजीची देठं, सालं, सुका पाला टाकायचा, पिंप फिरवायचं, दोन महिन्यांत काळंभोर खत.

"माझ्या कपडे वाळत घालायच्या जागेत हे धूड?" गच्चीवर येऊन बायकोने कमरेवर हात ठेवले. "दोन महिने देते. खत झालं नाही तर भंगारात. मग माझ्या नावाने खडे फोडू नका."

"होईल. पण हे काम माझं एकट्याचं. कुणी हात लावायचा नाही."

खरं सांगायचं तर घरात झाड एकच होतं, आणि त्यालाही खताची फारशी हौस नव्हती. पण आपल्या या थरथरत्या हातांनी, एकट्याने, एक तरी गोष्ट पुरी होते की नाही, एवढंच घड्याळजींना बघायचं होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पिंपाबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, दोन-तीन दिवसांतून एकदा फिरवा. घड्याळजी हसले. चावी अशी कधी मनाला येईल तेव्हा देतात का? रोज सकाळी सात वाजता, पाच वेढे. आयुष्यभर त्यांनी घरात हेच बिंबवलं होतं की चावी चुकली की यंत्र थांबलं.

सात आठवडे झाले. आत खत सोडाच, साधी ऊबही नव्हती. चिखलाचे थंडगार गोळे आणि मधूनच ओळखू येणारं बटाट्याचं साल. शिवाय काहीतरी पाणी मुरत होतं. पाला आज सुका टाकावा, तर उद्या ओलागच्च. एकदा गोळ्याला चिकटून आलेला वर्तमानपत्राचा कपटा दिसला. त्यावर त्यांचंच अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं होतं. ते तर त्यांनी टाकलं नव्हतं!

घड्याळजींनी पिंपाच्या कडेला खडूने बारीक रेघ मारली. दुपारी बघतात तो रेघ तळाशी गेलेली. म्हणजे कुणीतरी हात लावत होतं. दुसऱ्या दिवशी ते जेवून गुपचूप गच्चीवर गेले आणि वाळत घातलेल्या चादरीमागे उभे राहिले.

एक वाजता पावलं वाजली. हातात पाण्याचा तांब्या घेऊन साक्षात बायको! तिने झाकण उघडलं, पाणी ओतलं आणि पदर खोचून चांगले सहा वेढे दिले.

"तू?" चादर बाजूला झाली. तांब्या हातातून पडला.

"अहो, केवढ्याने दचकले! पाला सुका दिसतो म्हणून पाणी, आणि तुमच्या हाताने पाच वेढे नीट होत नसतील, म्हटलं आपण थोडी भर घालावी."

"तूच भंगारात देणार होतीस ना?"

"देणार म्हटलं म्हणून काय बुडू देऊ?"

तेवढ्यात जिन्यातून सून वर आली. औषधांच्या दुकानात ती कामाला होती, जेवणाच्या सुट्टीत घरी यायची. तिच्या हातात फाडलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे होते. दोघांना बघून तिने ते पाठीमागे लपवले. मग कबूल केलं, "फार ओलं दिसायचं, बाबा. म्हणून मी कागद टाकते आणि चार वेढे देते." जरा थांबून म्हणाली, "हे कामावरून आले की पाच देतात."

घड्याळजींना आधी राग आला, मग त्याहून वाईट वाटलं. "म्हणजे तुम्हा सगळ्यांना वाटलं, मला जमणार नाही."

"वाटलं," बायको म्हणाली. "म्हणून तर लपून आले. तुमच्या तोंडावर कोण सांगणार?"

सुनेने पुस्तिका आणून वाचली. सारखं फिरवलं तर आत ऊब धरत नाही आणि कचरा कुजत नाही. तिने बोटांवर मोजलं, "दिवसाला वीस वेढे, बाबा!"

घड्याळजींनी पुस्तिका हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, हे रोजच्या चावीचं नव्हेच! हे आठ दिवसांतून एकदाच चावी द्यायचं यंत्र आहे!"

त्याच दिवशी दोन पोती सुका पाला आणून आत भरला आणि झाकण लावलं. चार दिवस कुणी दांड्याला शिवायचं नाही असं ठरलं. ते चार दिवस घराने कसे काढले ते घरालाच माहीत. बायको दोनदा अर्ध्या जिन्यातून परत फिरली.

पाचव्या दिवशी मुलासकट सगळे गच्चीवर जमले. झाकण उघडताच वाफ आली. बायकोने आत हात घातला आणि झटकन काढला. "अहो, चटका बसतोय! असू दे, मुदत वाढवली मी."

आता फिरवायचं. तिघंही मागे सरून हात पाठीशी बांधून उभे राहिले. घड्याळजींनी दांडा धरला. पिंप आता गच्च भरलेलं होतं. त्यांनी जोर लावला, ते हललं नाही. पुन्हा लावला. मनगट थरथरायला लागलं, ते सगळ्यांना दिसलं, पण कुणी पाऊल पुढे टाकलं नाही. टाकायची हिंमतच नव्हती.

घड्याळजी दांड्याच्या कडेला सरकले.

"बघताय काय?" ते मागे न वळता म्हणाले. "हात लावा ना."

तिघंही एकदम धावली. दांडा वीतभर आणि हात आठ, त्यामुळे पिंप आधी उलटंच फिरलं.